महामारी, क्रूझ आणि शेवभाजी: खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

मी यावल तालुक्यातला. मोठ्या प्रवासी जहाजांच्या भटारखान्यात अकरा वर्षं काढली. जहाजावर त्याला गॅली म्हणतात. आता जळगावात छोटी मेस चालवतो. २०२० मध्ये जहाजावर अडकलेला आमच्या पंचक्रोशीतला मी एकटाच, त्यामुळे तेव्हापासून लोक विचारतात ते विचारतातच. निम्मे प्रश्न रोगाचे, निम्मे जेवणाचे, आणि बरेचदा दोन्ही एकाच मेसेजमध्ये. तेच तेच टाइप करून बोटं दुखली, म्हणून हे पान. प्रश्न ज्यांनी जसे विचारले तसेच ठेवले आहेत.

१. आम्ही जळगावचे. समुद्र चारशे किलोमीटरवर. क्रूझला बसायचं कुठून?

मुंबईहून. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव कुठूनही गाडी थेट सीएसएमटीला जाते आणि तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. फक्त एक ऐका: जहाज सुटायच्या दिवशी पहाटेच्या गाडीने निघू नका, आदल्या दिवशीच मुंबई गाठा. बोर्डिंगचं दार जहाज सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं आणि कसाऱ्याला गाडी रखडली हे कारण कोणी ऐकून घेत नाही. लग्नाला उशिरा पोचलं तर शेवटची पंगत तरी मिळते, इथे तीही नाही.

२. पासपोर्ट लागतो का? लसीचं सर्टिफिकेट अजून मागतात का?

मुंबई-गोवा किंवा समुद्रात फेरी मारून परत मुंबई, अशा सहलीला सरकारी फोटो ओळखपत्र पुरतं. लक्षद्वीपला परवाना लागतो. जहाज परदेशी बंदराला लागणार असेल तर पासपोर्ट हवाच, आणि त्या देशाचा व्हिसा लागतो का तेही बघा.

लस आणि चाचणीचं म्हणाल तर २०२१-२२ मध्ये लसीचा कागद आणि ताजा आरटी-पीसीआर रिपोर्ट नसेल तर धक्क्यावरूनच परत पाठवायचे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ ला कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. त्याआधीपासूनच कंपन्या एकेक अट काढत होत्या. आता बहुतेक ठिकाणी बसताना तब्येतीचा फॉर्म भरून घेतात, एवढंच. त्या फॉर्मवर खोटं लिहू नका. ताप लपवून चढलेला माणूस सगळ्या मजल्याला महागात पडतो. का, ते प्रश्न ४ मध्ये.

३. सुरतजवळून घोघ्याला जाते ती क्रूझच ना? आम्ही नंदुरबारचे, आम्हाला ती जवळ पडते.

नाही, ती रो-पॅक्स फेरी. हजिरा-घोघा सेवा नोव्हेंबर २०२० मध्ये, ऐन कोरोनात सुरू झाली. रस्त्याने साधारण ३७० किलोमीटरचा वळसा समुद्रातून ९० वर येतो. गाडीसकट चढायचं, काही तासांत उतरायचं. क्रूझवर तुम्ही राहता, झोपता, चार वेळा जेवता. रोगाच्या दृष्टीने फरक तोच आहे. पण ज्यांनी समुद्रच बघितला नाही त्यांनी आधी फेरीने जाऊन पोट तपासून घ्यावं, हे माझं मत. उलटी व्हायची तर स्वस्तात होऊ दे.

४. महामारी आली आणि सगळ्यात आधी जहाजंच का बदनाम झाली? गर्दी तर आपल्या बाजारातही होती.

बाजारातली गर्दी संध्याकाळी घरी जाते. जहाजावरची जात नाही. असं समजा की तीन-साडेतीन हजारांची वरात एकाच मांडवात चौदा दिवस मुक्कामाला आहे. तेच जिने, तीच लिफ्ट, त्याच पंगती, आणि वाढपीही रात्री त्याच मांडवाखाली दाटीवाटीने झोपतात.

डायमंड प्रिन्सेसचं तसंच झालं. हे जहाज २० जानेवारी २०२० ला जपानच्या योकोहामाहून निघालं. हाँगकाँगला २५ तारखेला उतरलेल्या एका प्रवाशाला कोरोना असल्याचं १ फेब्रुवारीला कळलं. जहाज योकोहामाला परतलं आणि ५ फेब्रुवारीपासून सगळ्यांना केबिनमध्ये बसवलं. प्रवासी २,६६६ आणि कर्मचारी १,०४५, एकूण ३,७११ माणसं. त्यातली ७१२ बाधित निघाली. काही दिवस चीनबाहेर सर्वांत जास्त रुग्ण त्या एका जहाजावर होते. त्यात आपले १३८ भारतीय, पैकी १३२ कर्मचारी.

बातम्यांत प्रवाशांचीच चर्चा झाली. माझ्यासारख्याच्या डोक्यात दुसराच आकडा बसलाय. ९ फेब्रुवारीपर्यंत जे पहिले २० कर्मचारी बाधित सापडले त्यातले १५ अन्नविभागातले होते. प्रवासी केबिनमध्ये बंद, पण त्यांना तीन वेळचं ताट कोणी पोचवायचं? कर्मचाऱ्यांनी. आणि हे कर्मचारी खालच्या डेकवर दोघं-दोघं, चौघं-चौघं एका खोलीत झोपायचे, एकाच मेसमध्ये जेवायचे. म्हणजे विलगीकरण झालं ते वरच्या मजल्यांचं. खालचे मजले चालूच होते.

पुढच्याच महिन्यात सिडनीत रूबी प्रिन्सेसमधून जवळपास २,७०० प्रवासी १९ मार्चला थेट उतरू दिले आणि ते घरोघर पांगले. त्या जहाजाशी २८ मृत्यू जोडले गेले. योकोहामाला कोंडून ठेवलं ते चुकलं आणि सिडनीला सोडून दिलं तेही चुकलं. जहाज म्हटलं की पेच असा पडतो.

५. मग जेवणातून पसरायचा का? म्हणूनच बुफे बंद केले होते ना?

शिजवलेल्या अन्नातून कोरोना पसरल्याचा पुरावा नव्हता. तो मुख्यतः श्वासातून, हवेतून पसरतो. बुफे बंद केला तो रांगेमुळे. पन्नास माणसं एकामागे एक, मास्क काढलेले, आणि एकच डाव पन्नास हातांतून फिरणार. जहाजं पुन्हा सुरू झाली तेव्हा बुफे उघडला, पण काचेच्या मागे आम्ही आणि पुढे तुम्ही. बोट दाखवायचं, आम्ही वाढायचं.

खरं सांगू? गॅलीतल्या आम्हा लोकांना ते आवडलं होतं. नासाडी निम्म्यावर आली. स्वतः वाढून घेताना माणसाचा हात सुटतो आणि मग ताटात अर्धं पडून राहतं. आपल्याकडे लग्नात बुफे आल्यापासून काय झालंय ते बघताच तुम्ही.

६. हाताला सॅनिटायझर लावला की झालं ना?

कोरोनासाठी बऱ्यापैकी झालं. पण जहाजावर कोरोनाच्याही आधीपासून एक जुना पाहुणा आहे, नोरोव्हायरस. उलट्या-जुलाब, दोन-तीन दिवस माणूस आडवा. त्याला अल्कोहोलचा सॅनिटायझर फारसा मोजत नाही, साबण आणि पाणीच लागतं. जेवणाआधी हात धुवा, राखेने भांडं घासल्यासारखे चोळून धुवा. दारावर सॅनिटायझर घेऊन उभा राहणारा पोरगा ‘वॉशी वॉशी’ म्हणत हसतो तेव्हा त्याला हसून टाळू नका.

अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या जहाजांची तिथली आरोग्य यंत्रणा अचानक तपासणी करते, शंभरपैकी गुण देते आणि ते जाहीरही करते. ८५ किंवा कमी म्हणजे नापास. तपासनीस आल्याची बातमी गॅलीत पोचायला अर्धं मिनिट लागतं. त्या दिवशी आमचा इटालियन शेफसुद्धा हनुमान चालिसा म्हणेल असं वाटायचं.

७. काय भो, जहाजावर शेवभाजी भेटते का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर भारतीय जेवण भरपूर असतं. पनीर, दाल मखनी, बिर्याणी, डोसा, कधी वडापाव, कधी मिसळही. शेवभाजी मी मेनूवर कधी पाहिली नाही. परदेशी कंपन्यांच्या जहाजांवर रोज एक-दोन भारतीय पदार्थ असतात, पण ते ‘भारतीय’ म्हणजे दिल्लीचे.

का नाही, तेही सांगतो. शेवभाजी हा ऐनवेळचा पदार्थ आहे. रस्सा उकळता हवा आणि शेव ताटात बसल्यावर पडायला हवी. बुफेत रस्सा तासनतास ६० अंशांच्या वर गरम ठेवावा लागतो. त्यात शेव आधी टाकली तर वीस मिनिटांत पिठलं होतं. वेगळी ठेवली तर गोरा पाहुणा ती कोरडीच खातो आणि रस्सा सूप म्हणून पितो. दोन्ही माझ्या डोळ्यांदेखत झालंय, कारण एकदा शेफच्या हातापाया पडून मी क्रू मेसमध्ये शेवभाजी केली होती. काळा मसाला घरून नेलेला. शेव कुठली? बेसन होतं, साचा नव्हता, म्हणून क्रीम काढायच्या पिशवीला बारीक तोंड लावून तेलात सोडली. फिलिपिनो पोरांनी भातावर घेतली आणि रडत रडत दुसऱ्यांदा मागितली. सांगलीचा एक पोरगा म्हणाला, तिखट कमी आहे. त्याच्याशी मी दोन दिवस बोललो नाही.

८. आणि भरीत?

भरीत नाही. होणारच नाही. जहाजाच्या गॅलीत उघडा जाळ चालत नाही. सगळ्या शेगड्या, भट्ट्या विजेच्या. समुद्रात आगीइतकी भीती दुसरी कशाची नसते. ओव्हनमध्ये वांगं मऊ होतं, साल सुटते, पण भाजलं जात नाही. आपलं वांगं तुरीच्या किंवा कपाशीच्या काड्यांवर भाजायचं, काळं पडून त्यातून पाणी सुटेपर्यंत. मग देठ धरून सोलायचं, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या-लसणाबरोबर ठेचायचं. तो धूर म्हणजेच भरीत. धूर काढला तर उरतं ते वांग्याचं पिठलं.

शिवाय वांगं तेच हवं. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पांढरट-हिरवं, भलं मोठं, बिया कमी. बामणोदचं की आसोद्याचं यावर आमच्याकडे भांडणं होतात, त्यात मी पडत नाही. जहाजावर यायचं ते जांभळं, चकचकीत, रबरासारखं वांगं.

९. मग घरून काय नेता येतं? कळण्याची भाकरी, बिबडे, ठेचा?

शिजवलेलं घरचं अन्न बहुतेक जहाजं चढू देत नाहीत. तुमच्या डब्यातल्या भाजीने पोट बिघडलं तरी नाव जहाजाच्या गॅलीचं जातं, आणि महामारीत तर ‘पोट बिघडलं’ एवढ्यावरच माणूस केबिनमध्ये बंद व्हायचा. कोरडं आणि पाकीटबंद सहसा चालतं: केळीचे वेफर, शेव, शेंगदाण्याची चटणी, खाकरा. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, नेता येतील, पण भाजणार कुठे? केबिनमध्ये इस्त्री, हीटर, इंडक्शन यावर बंदी असते, सामान तपासताना काढून घेतात. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी कडक करून नेली तर दोन दिवस टिकते, हे खरं. पण तपासणीत ती ‘शिजवलेलं’ की ‘कोरडं’ यावर वाद झालेला मी पाहिला आहे. भाकरी हरली.

परदेशी बंदरात उतरताना फळं, बिया, मांस, दूध यातलं काहीही खिशात नको. केळंसुद्धा नको, जळगावचं असलं तरी.

१०. उपास, जैन जेवण, कांदा-लसूण नसलेलं?

भारतीय जहाजांवर जैन जेवण असतं. परदेशी जहाजावर बुकिंग करतानाच लेखी सांगा आणि चढल्यावर पहिल्याच संध्याकाळी हेड वेटरला भेटून पुन्हा सांगा. एकादशी-चतुर्थीला फळं, दही, उकडलेले बटाटे मिळतात. साबुदाणा मिळेलच असं नाही. श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या रोटांसाठी कोणी तरी विचारलं होतं: ताई, त्या रविवारी घरीच राहा.

११. कोरोनात माझी चव गेली होती. क्रूझवर पन्नास पदार्थ, आणि एकाचीही चव लागणार नसेल तर पैसे वाया. परत येते का चव?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. बहुतेकांची जीभ ठीक असते, गेलेला असतो तो वास. नाकाच्या वरच्या भागात वासाच्या पेशींना आधार देणाऱ्या पेशी असतात, हा विषाणू त्यांच्यावर हल्ला करतो. बहुतेकांना काही आठवड्यांत वास परत येतो. काहींना महिने लागतात. काहींना मधल्या काळात भलतेच वास येतात, कॉफीला जळक्या रबराचा, कांद्याला कुजल्याचा.

म्हणूनच तेव्हा आमच्याकडे लोक गमतीने म्हणायचे, शेवभाजी लागली तर कोरोना नाही. हे खरं नाही. तिखटपणा ही चवही नव्हे, वासही नव्हे. ती जळजळ आहे आणि ती वेगळ्या नसेने कळते. वास पार गेलेल्या माणसाच्याही डोळ्यांतून शेवभाजीने पाणी काढलंय. खरी परीक्षा फोडणीची. लसूण तेलात पडल्याचं दुसऱ्या खोलीतून कळलं नाही तर काही तरी बिघडलंय.

वासाचा सराव डॉक्टरही सुचवतात. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास, दिवसातून दोनदा, प्रत्येक वास थोडा वेळ लक्ष देऊन हुंगायचा. बारा आठवडे तरी करावं लागतं. लांबलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. तोवर क्रूझ पुढे ढकला. पन्नास पदार्थांचं दुःख एका वरणभातापेक्षा मोठं असतं.

१२. जहाजावर पॉझिटिव्ह आलो तर काय करतात? समुद्रात टाकत नाहीत ना? (हे आजोबांनी खरंच विचारलं.)

नाही, आजोबा. वेगळ्या केबिनमध्ये ठेवतात, डॉक्टर बघतात, जेवण दाराशी येतं. जहाजावर दवाखाना, डॉक्टर, ऑक्सिजन असतो, पण तो तालुक्याच्या दवाखान्याएवढा समजा. तब्येत फारच बिघडली तर जवळच्या बंदरात उतरवतात.

प्रत्यक्षात काय होऊ शकतं त्याचं आपल्याजवळचं उदाहरण जानेवारी २०२२ मधलं. मुंबईहून गोव्याला गेलेल्या जहाजावर एक कर्मचारी बाधित निघाला, म्हणून सुमारे दोन हजार जणांची चाचणी झाली, ६६ पॉझिटिव्ह आले. लोक गोव्याचा किनारा समोर बघत बसले आणि जहाज शेवटी मुंबईला परत फिरलं. म्हणजे रोगापेक्षा वाट बघणं जास्त सोसावं लागतं. औषधं तेवढ्या दिवसांची हवीत: सहल चार दिवसांची असेल तर गोळ्या चौदा दिवसांच्या घ्या. बीपी-शुगरच्या गोळ्या मोठ्या बॅगेत नकोत, हातातल्या पिशवीत.

१३. चाचणीच चुकली असेल तर? उगाच कोंडून ठेवतील?

ठेवतील, आणि ठेवलंय. डिसेंबर २०२० मध्ये सिंगापूरहून निघालेल्या क्वांटम ऑफ द सीजवर एक ८३ वर्षांचे गृहस्थ पॉझिटिव्ह आले. जहाज वळवलं, सगळे प्रवासी केबिनमध्ये बंद. किनाऱ्यावर पुन्हा तपासलं तर निगेटिव्ह. चार दिवसांची सहल तिसऱ्या दिवशी संपली. चूक कोणाचीच नव्हती. त्या वेळी संशयावर थांबणं हाच नियम होता.

१४. केबिन कोणती घ्यावी? आतली स्वस्त आहे.

चांगल्या दिवसांत आतली घ्या. रात्री झोपायलाच तर जायचं. पण साथीचे दिवस असतील तर हिशोब बदलतो. डायमंड प्रिन्सेसवर आतल्या केबिनीतल्या लोकांना खिडकी नव्हती. त्यांना आळीपाळीने थोडा वेळ डेकवर नेऊन हवा खाऊ घालत. बाल्कनीवाल्यांना निदान दिवस उजाडल्याचं कळायचं. ‘जहाज थांबलं तर या खोलीत मी चौदा दिवस राहू शकेन का?’ असं स्वतःला विचारून पैसे भरा.

उलटीची धास्ती असेल तर खालचा मजला, जहाजाचा मधला भाग. तिथे हेलकावे कमी. रिकाम्या पोटी बसू नका आणि पहिल्या संध्याकाळी तेलकट खाऊ नका. गोळी लागणार असेल तर डॉक्टरांना विचारून, जहाज सुटायच्या आधी घ्या. सुरू झाल्यावर गोळी पोटात राहतच नाही.

१५. आईचं वय ७४, शुगर आहे. तिची फार इच्छा आहे. नेऊ का?

साथ जोरात असेल तर नको. एरवी डॉक्टर हो म्हणाले तर जरूर न्या. लहान सहल निवडा, दोन-तीन रात्रींची, बंदर जवळ असलेली. लिफ्टजवळची केबिन मागा. आईला बुफेच्या गोडाच्या टेबलाशी एकटं सोडू नका, हे शुगरसाठी. गोळ्यांचं प्रश्न १२ मध्ये आलंय.

१६. विमा काढावा का? आमच्या एजंटने ‘काही लागत नाही’ सांगितलं.

एजंटला लागत नसेल, तुम्हाला लागतो. जहाजावरच्या डॉक्टरची फी शहरातल्या मोठ्या खासगी दवाखान्यासारखी असते आणि घरच्या मेडिक्लेममध्ये ती बसेलच असं नाही. विमा घेताना तीन गोष्टी लेखी विचारा: साथरोग वगळलाय का, सक्तीच्या विलगीकरणात राहण्या-खाण्याचा खर्च मिळतो का, आणि कंपनीनेच सहल रद्द केली तर पैसे रोख मिळतात की पुढच्या सहलीचं कूपन. २०२० मध्ये कित्येकांच्या हाती कूपनच आलं. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाचं कूपन देणारी कंपनीच पुढे गुंडाळली गेली. नाव घेत नाही. घेऊन पैसे येणार नाहीत.

१७. पिवळा झेंडा लावलेलं जहाज दिसलं तर आत रोगी आहेत असं समजायचं का?

उलट. जुन्या काळी पिवळा झेंडा साथीची खूण होती. आजच्या संकेतात नुसता पिवळा झेंडा म्हणजे ‘आमच्या जहाजावर सगळं ठीक आहे, बंदरात यायची परवानगी द्या’. क्वारंटाइन हा शब्दही जहाजांचाच. व्हेनिसच्या भाषेतल्या चाळिसावरून आला, कारण साथीच्या काळात जहाज चाळीस दिवस बाहेर थांबवत.

आणि मुंबईला हे काही नवीन नाही. १८९६ च्या प्लेगचा संशय समुद्रमार्गे आलेल्या मालावर आणि माणसांवरच होता. त्यातून १८९७ चा साथरोग कायदा झाला, आणि २०२० मध्ये आपल्या कलेक्टरांनी जे आदेश काढले ते त्याच कायद्याखाली. आपल्या नवापूरला २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हाही घेराबंदी बघितलीय आपण. तेव्हा जहाज नव्हतं, कोंबड्या होत्या.

१८. पुन्हा अशी साथ आली आणि जहाज मधेच असेल, तर कुठलंही बंदर घ्यायला बांधील असतं ना?

कागदावर माणुसकीचे संकेत आहेत. प्रत्यक्षात फेब्रुवारी २०२० मध्ये वेस्टरडॅम नावाचं जहाज जपान, तैवान, फिलिपिन्स, ग्वाम आणि थायलंड अशा पाच ठिकाणांहून माघारी लावलं गेलं. शेवटी १३ फेब्रुवारीला कंबोडियाने सिहानुकव्हिलला घेतलं. श्रीमंत बंदरांनी दारं लावली आणि गरिबाने ओसरी दिली.

आपल्याकडेही परदेशी क्रूझ जहाजांना मार्चमध्ये बंदी झाली. शंभरावर भारतीय कर्मचारी असलेलं एक जहाज मुंबईसमोर दिवसेंदिवस उभं होतं, २३ एप्रिलला त्यांना उतरू दिलं. त्यात माझा एक जोडीदार होता. रात्री डेकवरून त्याला मुंबईचे दिवे दिसायचे.

१९. तुम्ही स्वतः अडकला होतात तेव्हा काय खायचे?

आमचं जहाज मार्चमध्ये रिकामं झालं. प्रवासी गेले, आम्ही राहिलो. समुद्रात जहाज उभं, जायला बंदर नाही, घरी न्यायला विमान नाही. त्या वर्षाअखेरीस जगभरात चार लाखांच्या आसपास खलाशी असेच करार संपूनही जहाजांवर अडकलेले होते. आम्हाला प्रवाशांच्या केबिनी दिल्या, एकेकाला एक. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या खोलीला खिडकी होती आणि खिडकीतून बघायला काही नव्हतं.

गोदामात प्रवाशांसाठी भरलेला माल होता. पहिले दोन आठवडे आम्ही झिंगे, सालमन, चीजकेक खाल्ले. तिसऱ्या आठवड्यात सगळे वरणभाताच्या रांगेत. पाचव्या आठवड्यात मसूर संपत आली आणि सालमन तसाच पडून होता. तेव्हा मी खान्देशी खिचडी केली, तुरीची डाळ, भात, वरून लसणाची लाल फोडणी. ब्राझीलची एक पोरगी विचारायला आली की हे औषध आहे का. मी हो म्हणालो.

जूनमध्ये मुंबईला उतरलो. तपासणी, हॉटेलात विलगीकरण, मग गावी. गावकऱ्यांनी पुन्हा चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवलं. मी तिसरीत जिथे बसायचो त्याच वर्गात खाट टाकली होती. आई रोज फाटकापर्यंत यायची, डबा खांबावर ठेवायची, मागे सरकायची, मग मी जाऊन उचलायचो. पहिल्या दिवशी बाजरीची भाकरी, ठेचा आणि घोटलेली वांग्याची भाजी होती. ती लांबून ओरडली, “मीठ बरोबर आहे का रे?” मी हो म्हटलं. मीठ जास्त झालं होतं.

२०. मुलाला जहाजावर नोकरीला पाठवायचंय. एजंट तीन लाख मागतोय. द्यावे का?

देऊ नका. खलाशी भरती करणाऱ्या एजन्सीला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, त्याला आरपीएसएल म्हणतात. आणि परवानाधारकाला नोकरी लावून देण्याचे पैसे मुलाकडून घेता येत नाहीत. परवान्याचा नंबर विचारा, महासंचालनालयाच्या यादीत पडताळा. एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे जहाजावर जाणाऱ्यांना सक्तीचे, सुरक्षा कोर्स, मेडिकल, पासपोर्ट हा खर्च तुमचा. बाकी नाही. महामारीत किती महिने अडकू शकतो ते प्रश्न १९ मध्ये लिहिलंय, ते मुलाला वाचायला द्या आणि मग तो काय म्हणतो ते बघा.

२१. शेवटचं विचारतो. जहाजावर बट्टी करता येते का?

येते. आपल्या पदार्थांतला हा एकच जहाजाला मानवतो. गोवऱ्या नसल्या तरी ओव्हनमध्ये बट्टी छान फुगते, मग तुकडे करून तुपात तळायची. वरणाला तुरीची डाळ मिळते. वांग्याच्या भाजीला ते रबरी वांगंसुद्धा चालून जातं, कारण घोटल्यावर कोणाला ओळखू येत नाही. फक्त तूप आधी मागून ठेवा, नाही तर स्टोअरवाला लोणी देतो.